घोड्यावर बसण्याचा हक्क आणि खांबाला बांधलेली घोडी

गेल्या जून महिन्यातील एका शनिवारी क्युपर्टिनो येथे आपल्या परिवारातील एका कुटुंबात मंगल परिणय संपन्न झाला. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण झाले, त्रिसरण-पंचशील झाले, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, आणि नागपूर-नांदेडहून आलेल्या आजी-आजोबांनी डोळे पुसत आशीर्वाद दिले. समारंभ देखणा होता, शिस्तीचा होता. यजमानांवर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. तेथे आम्ही सर्वच होतो आणि जे घडले ते आम्हा सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. लिहायचे आहे ते सभागृहाच्या मागे, वाहनतळाच्या कडेला उभ्या असलेल्या एका पांढऱ्या घोडीविषयी.

वरातीसाठी ती भाड्याने आणली होती. सकाळी तिला ट्रेलरमधून उतरवले, अंगावर जरीची झूल घातली, कपाळावर मण्यांच्या झिरमिळ्या बांधल्या. ढोल वाजले, नवरदेव घोडीवर बसला, अर्ध्या तासात वरात दारापर्यंत पोहोचली आणि सगळे आत गेले. घोडीचे काम संपले, परंतु तिला नेणारा ट्रेलर दुसऱ्या एका लग्नाला गेला होता. आधी तिला झाडाखाली बांधले. हिरवळ खराब होते म्हणून सभागृहवाल्यांनी तेथून हलवायला लावले. मग तिला दिव्याच्या खांबाला बांधण्यात आले. पाण्याची बादली मात्र झाडाखालीच राहिली. दोर हातभर, फार तर दीड हात. मान जमिनीपर्यंत न्यावी तर तो ताणला जाई. उन्हाचा पारा ३० अंशांच्या पुढे गेला होता, पायाखाली डांबर होते आणि अंगावरची झूल तशीच होती. अशी ती जवळजवळ अडीच तास उभी होती.

या अडीच तासांत आम्ही किती वेळा बाहेर आलो असू! छायाचित्रांसाठी, फोनवर बोलण्यासाठी, उशिरा आलेल्या पाहुण्यांना दार दाखवण्यासाठी. काहींनी तर घोडीच्या शेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. प्रश्न विचारला तो दहा वर्षांच्या एका मुलीने : "हिला पाणी कुणी दिलं का?" उत्तर कुणाजवळच नव्हते. मुलीने बादली ओढत आणली. घोडीने ती मान वर न करता संपवली. दुसरी आणली, तीही संपवली. घोडीला सांभाळणारा तरुण ट्रेलरच्या चौकशीत फोनवर गुंतला होता. तो सकाळपासून उपाशी होता, हे आम्हाला त्यानंतर कळले. आत तीनशे माणसे जेवून उठली, पण त्याला पानावर बोलवावे हेही कुणाला सुचले नव्हते.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर हा विषय निघाला. कुणी म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसता? कुणी म्हणाले, घोड्यांना याची सवय असते. आमच्यातील एक ज्येष्ठ मात्र बराच वेळ गप्प होते. ते अखेर म्हणाले, "माझ्या वडिलांची वरात पायी निघाली, तीही वेशीच्या बाहेरून. गावातून घोडा नेण्याची आमची टाप नव्हती. आता नातवंडं घोड्यावर बसायला लागली, तर तुम्हाला घोडा दिसायला लागला?"

खोलीत कुणी काही बोलले नाही. या प्रश्नाला सोडून पुढे जाता येणार नाही, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येणार नाही, म्हणून हा लेख.

ज्येष्ठांचे म्हणणे हे केवळ जुनी आठवण नव्हे. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावात एकवीस वर्षांच्या एका दलित तरुणाची हत्या झाली. त्याला घोड्याची आवड होती, त्याने स्वतःचा घोडा पाळला होता, आणि घोडा विकून टाक अशा धमक्या गावातील वरच्या जातीच्या लोकांकडून येत होत्या, असे त्याच्या कुटुंबीयांनी सांगितले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका जाटव तरुणाला आपली वरात गावातून काढता यावी म्हणून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि जुलैमध्ये ती मोठ्या पोलीस बंदोबस्तात निघाली. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात येथून नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या आजही लग्नसराईत येतात. घोडा हे वाहन आहे, पण आपल्या देशात ते उंचीचे मोजमापही आहे. कुणी कुणाच्या डोळ्यांपेक्षा वर बसायचे, हे ठरवण्याचे साधन. ज्यांच्या पिढ्या त्या उंचीपासून दूर ठेवल्या गेल्या, त्यांच्या मुलाने एकदा तरी घोड्यावर बसावे असे आजोबांना वाटले, तर त्या वाटण्याला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. हौस म्हणून घोडी मागवणारे एक कुटुंब आणि पणजोबांचे राहून गेलेले पुरे करू पाहणारे दुसरे कुटुंब, यांच्यातील फरक आम्हाला कळतो.

दुसरा एक संकोच आहे, तोही उघडपणे बोलला पाहिजे. प्राण्यांविषयीची दया हा शब्द कानावर आला की आपल्या माणसांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती अकारण पडत नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली, तेव्हा कुणाच्या ताटातले काय गेले आणि कुणाचा धंदा बसला, हे आपण पाहिले. जुलै २०१६ मध्ये उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून मारले गेले. जनावराच्या नावाने माणसाला मारण्याची ही रीत ज्यांनी भोगली, त्यांना कुणी ‘प्राणीप्रेम’ शिकवू लागले तर ते सावध होणारच. आम्हीही सावध आहोत.

तरीही या सावधपणाने आपल्याला घोडीसमोर आंधळे करावे, हे आम्हाला मान्य नाही. त्यासाठी आपण आपल्याच इतिहासाकडे जाऊ.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या मुलांनाही तोंडपाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो माणसांना. हे आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो आणि ते सांगताना आपला आवाज चढतो. पण त्या वाक्यातील संताप नेमका कशाचा आहे, याचा थोडा विचार करावा. जनावराला पाणी मिळाले याचा तो संताप नव्हता. जनावरांना तळ्यावरून हाकलून द्या, अशी मागणी त्या दिवशी कुणी केली नाही. मागणी होती ती आम्हालाही पाणी हवे, ही. तहान ही तहानच आहे आणि पाण्यावर पहारा बसवणे हा गुन्हा आहे, हे महाडने सांगितले. मग ज्यांच्या हाती आता पाणी आहे, त्यांच्या मंडपामागे एक जनावर दहा पावलांवरच्या बादलीकडे बघत उभे राहते, तेव्हा महाडचे नाव आपल्याला कुठे आठवले पाहिजे?

आपण माणसाचे दुःख आणि जनावराचे दुःख एका मापाने मोजत नाही. आपल्या पूर्वजांची जनावरांशी तुलना हाच तर अपमान होता, आणि तो आम्ही विसरलेलो नाही. येथे तुलना नाही. येथे प्रश्न आपल्या वागण्याचा आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री या दोन शब्दांत जो भेद केला आहे, तो आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम. तेवढ्यावर थांबू नका, माणसाच्या पलीकडे जाऊन सर्व जीवमात्रांविषयी मैत्री जोपासा, असा तेथील आशय आहे. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही सर्व प्राणिमात्रांवर दया करीन आणि त्यांचे संरक्षण करीन, अशी प्रतिज्ञा आहे. ती आपण प्रत्येकाने उभे राहून म्हटली आहे. आणि त्याच ग्रंथात बाबासाहेब अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. म्हणजे ताटात काय असावे याचा पहारा बसवणारी ही अहिंसा नाही. गरज आहे का, की केवळ हौस आहे, आपली इच्छा कशाची आहे, असा प्रश्न ती प्रत्येकाला स्वतःपुरता विचारायला लावते. गोरक्षकांच्या काठीत आणि या मैत्रीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काठीवाल्यांनी ‘दया’ हा शब्द बळकावला म्हणून आपण आपली प्रतिज्ञा सोडून द्यायची, हे कसे?

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागात एक घोडा आहे, हेही या ओघात आठवते. चार दृश्यांची पारंपरिक कथा बाबासाहेबांनी नाकारली, शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्याचे कारण पुढे आणले. परंतु छन्न आणि कंथक त्यांनी ठेवले. अनोमा नदीच्या तीरावर सिद्धार्थाने घोडा कुठल्या झाडाला बांधून टाकला नाही. ज्याला तो घोडा ओळखत होता त्या छन्नाच्या हाती दोर देऊन त्याने त्याला घरी पाठवले.

आता घोड्याविषयी थोडे, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा घोड्याशी संबंध वरातीपुरता किंवा माथेरानच्या सहलीपुरता आलेला असतो आणि अज्ञानातूनच असे प्रसंग घडतात. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते. गाईसारखे एकदा भरपूर खाऊन रवंथ करीत बसणे त्याला जमत नाही. मोकळा असेल तर तो दिवसाचे सोळा-सतरा तास थोडे थोडे चरत राहतो. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे उपासानंतर एकदम खाणे किंवा पाण्यावाचून राहणे यातून पोटशूळ उठतो आणि तो जिवावरही बेततो. त्याला दिवसाला साधारण वीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात अधिक. तो कळपातला प्राणी आहे. एकटा, अनोळखी जागी, पळता न येण्याच्या स्थितीत उभा राहणे ही त्याच्यासाठी साधी गैरसोय नसते. धोका दिसला की पळणे हेच त्याचे संरक्षण, आणि दोर नेमके तेच काढून घेतो.

उभ्या उभ्या डुलकी घेता येईल अशी पायांच्या सांध्यांची रचना घोड्याला लाभली आहे. त्यामुळे मागचा एक पाय सैल सोडून शांत उभा असलेला घोडा पाहून कुणी घाबरू नये, तो विसावलेला असतो. परंतु गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते आणि आखूड दोराला बांधलेल्या घोड्याला ते अशक्य होते. पुढच्या खुराने सतत जमीन खरवडणे, अंगावर सुकलेल्या घामाचे पांढरे पट्टे, एकाच लयीत डावी-उजवीकडे झुलत राहणे, दिसेल ती लाकडी कड दातांनी धरणे, ही अस्वस्थतेची लक्षणे. आमची घोडी डांबर खरवडत होती. आम्हाला वाटले, ती ढोलाच्या तालावर नाचते आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण तसेच वाटले होते.

बांधणे सर्वस्वी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे घोडा पुढून आणि मागून अशा दोन्ही दोरांनी बांधण्याची जुनी पद्धत आहे, तिला अगाडी-पिछाडी म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारात अशा रांगाच्या रांगा दिसतात. तेथे चांगला मालक खरारा करताना, चंदीचा तोबरा लावताना, पहाटे घोडा फिरवून आणताना दिसतो, आणि त्याच्या चार पावलांवर दोराने घोटे सोललेले जनावरही दिसते. दोर तोच असतो. तो किती लांब, किती वेळ, सावली कुठे, पाणी कुठे आणि जवळ माणूस कोण, यावर सारे ठरते.

कायदाही हेच प्रश्न विचारतो. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचे कलम ५९७-टी म्हणते की दोराने किंवा साखळीने बांधलेल्या प्राण्याला गुंतून इजा होऊ नये अशा रीतीने बांधले पाहिजे आणि त्याला निवारा, अन्न व पाणी यांच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. मात्र प्रवासात असलेल्या किंवा कुणाच्या प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या प्राण्याला ते कलम लागू होत नाही. आमच्या घोडीबाबत कुणी वकील उभा राहिला असता तर या पळवाटेवर तासभर बोलला असता. भारतातील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्येही अवाजवी आखूड किंवा जड दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज घोड्याची एका वेळची चंदीही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती आणि जल्लिकट्टूच्या खटल्यात भूक-तहान, वेदना, भय यांपासून प्राण्यांची मुक्तता अशी पाच स्वातंत्र्ये मान्य केली. पुढे कायदे बदलून शर्यती परत आल्या, ही गोष्ट वेगळी.

परंतु घोड्याविषयी बोलताना घोडेवाल्याला विसरण्याची चूक आपल्याकडून तरी होऊ नये. मुंबईतील व्हिक्टोरिया बग्ग्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मरीन ड्राइव्ह आणि गेटवेजवळ सजवलेल्या बग्ग्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. काहींनी लग्नानंतर त्यांत बसून फेराही मारला असेल. घोड्यांचे हाल आणि विनापरवाना तबेले यांवरून खटला झाला आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बग्ग्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्यास सांगितले. निर्णय योग्यच होता. त्याच निकालात घोडेवाल्यांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यास न्यायालयाने शासनाला सांगितले. पुढे २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या बग्ग्या आल्या. मधली पाच-सहा वर्षे ती कुटुंबे काय करीत होती, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले?

माथेरानचे प्रकरण तर आपल्याला अधिकच जवळचे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर पर्यटकांना घोडे नेतात, सामान घोडे वाहतात, आणि हाताने ओढायच्या रिक्षांत माणूस माणसाला ओढत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे प्रतिष्ठेच्या घटनादत्त हक्काशी विसंगत आहे, असे सांगितले आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांची रोजी टिकवावी असेही बजावले. ई-रिक्षांना तेथील घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण त्यांचे पोट घोड्यावर आहे. एकाच चढणीवर घोडा, घोडेवाला आणि रिक्षा ओढणारा असे तिघे जण ओझे वाहत होते, आणि खाली बसलेले आपण भाड्यात घासाघीस करीत होतो. या तिघांपैकी एकाची बाजू घेण्यासाठी दुसऱ्याला शत्रू ठरवावे लागत नाही, हे त्या निकालातून दिसते. क्युपर्टिनोच्या वाहनतळावरचा तो उपाशी तरुण आणि ती तहानलेली घोडी ही एकाच दुर्लक्षाची दोन रूपे होती, असे आम्हाला वाटते.

आपण राहतो ते गाव घोड्यांचेच. मार्च १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्झाची तुकडी घोड्यांवरून या बाजूने गेली आणि ओढ्याकाठी मुक्काम पडला, त्या ओढ्याला दिलेल्या नावावरून क्युपर्टिनो हे नाव आले. ज्या दे आन्झा कॉलेजात आपली मुले शिकतात तेही त्याच माणसाच्या नावाचे. मॅकक्लेलन रँच, जेथे आपण मुलांना पक्षी दाखवायला नेतो, तेथे १९३० आणि १९४० च्या दशकांत घोडे पाळले जात. स्टीव्हन्स कॅन्यनच्या बाजूला गेलात तर कुंपणाआड घोडे आजही दिसतात. येथून काही मैलांवर पालो आल्टोमध्ये बॅरन पार्कच्या रहिवाशांनी गाढवे सांभाळली आहेत. त्यांतील पेरी नावाचे गाढव ‘श्रेक’ चित्रपटातील गाढवासाठी चित्रकारांचा नमुना ठरले होते. ते जानेवारी २०२५ मध्ये वारले, तेव्हा शेजारच्या लोकांनी घरातले माणूस गेल्यासारखे दुःख केले. पाळीपाळीने चारा घालणारे, खरारा करणारे, फिरवून आणणारे ते स्वयंसेवक पाहिले की वाटते, आपल्या मुलांना तेथे एकदा न्यावे. गाढव हाही आपल्या समाजाच्या ओळखीचा प्राणी आहे, आणि त्याच्या नावाने आपल्याला शिव्याही भरपूर मिळाल्या आहेत.

मग करावे काय? आमचे मत स्पष्ट आहे, आणि ते सर्वांना पटेल अशी अपेक्षा नाही. आपल्या परिवारातील लग्नांत आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भाड्याचा घोडा आणू नये. बौद्ध विवाहविधीला घोडा लागत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला साधा, कमी खर्चाचा, पुरोहिताशिवायचा विवाह दिला. शुभ्र वस्त्रे, पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार, एवढ्यावर तो पूर्ण होतो. वरातीची घोडी आपल्याकडे धम्मातून आलेली नाही. ती ज्यांनी आपल्याला तिच्यावर बसू दिले नाही त्यांच्याच प्रथेतून आली आहे. हे वाक्य कठोर वाटेल. टिंबीच्या त्या तरुणाला आम्ही हे सांगणार नाही. त्याने घोडा पाळला होता, त्याला चारा घातला होता, तो त्याच्यावर प्रेम करीत होता; भाड्याने अर्धा तास आणून खांबाला बांधला नव्हता. जेथे नवरदेवाला घोड्यावरून खेचले जाते त्या गावात घोड्यावर बसणे हा लढा आहे, आणि तो लढा देणाऱ्यांच्या पाठीशी आपण पैशानेही उभे राहिले पाहिजे. क्युपर्टिनोमध्ये घोडीवर बसलेल्या आपल्या मुलाला कुणीही अडवणार नव्हते. तेथे लढा नव्हता, भाड्याची पावती होती.

ज्येष्ठांना आम्ही हेच, पण अधिक नम्रपणे सांगितले. ते म्हणाले, "हक्क मिळाल्यावर तो वापरायचा नाही, असं सांगणारे तुम्ही पहिले नाही." हे खरे आहे, आणि त्यांचे हे वाक्य आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो. आमच्याजवळ त्यावर एवढेच उत्तर आहे : हक्क नको असे आम्ही म्हणत नाही. तो बजावताना ओझे कुणाच्या पाठीवर पडते, हे आम्ही पाहा म्हणतो. ज्या कुटुंबाला तरीही घोडी हवीच असेल, त्यांना परिवार वाळीत टाकणार नाही. वाळीत टाकणे काय असते हे आपल्याला माहीत आहे. पण त्यांनी भाडे ठरवतानाच विचारावे की वरातीनंतर ट्रेलर लगेच परतणार का, दोन वरातींमध्ये घोडीला विसावा किती, सावलीची जागा कोणती, ढोल तिच्या कानाशी वाजणार की लांब. पाण्याची बादली कुणाच्या जबाबदारीवर आहे, हे एका माणसाचे नाव घेऊन ठरवावे. आणि घोडीबरोबर येणाऱ्या माणसाचे पान पाहुण्यांबरोबर मांडावे.

रस्त्याने जाताना कुंपणाआड किंवा माळावर बांधलेला घोडा दिसला, की आपल्यातील काही उत्साही मंडळी लगेच छायाचित्र काढून सर्वत्र पाठवतात. तसे करू नये. एकदा पाहिलेल्या दृश्यावरून मालकाला क्रूर ठरवणे सोपे असते. कदाचित घोडा तासापूर्वीच फिरून आलेला असेल. दोन वेगवेगळ्या वेळी पाहावे. पाणी आहे का, दोर कुठे गुंतला आहे का, बरगड्या दिसतात का, खूर वाढून वाकडे झाले आहेत का, हे पाहावे. मालक भेटला तर आधी त्याच्याशीच बोलावे, शेजाऱ्याशी बोलतात तसे. या खोऱ्यात तबेल्यांतून राबणारी माणसे पुष्कळदा आपल्यासारखीच परदेशातून आलेली, आपल्याहून पुष्कळ कमी मिळकतीची असतात. गणवेशातला अधिकारी दारात उभा राहणे त्यांच्यासाठी काय असते, याचा विचार फोन उचलण्यापूर्वी व्हावा. आणि जनावर खरोखर संकटात असेल, जखमी असेल, पाण्यावाचून असेल आणि कुणी ऐकत नसेल, तर मात्र संकोच न करता शहराच्या प्राणी-सेवेला कळवावे आणि आपले नाव सांगून कळवावे.

त्या मुलीने नंतर आपल्या आईला विचारले की घोडी पुन्हा भेटेल का. आईने चौकशी केली, तेव्हा कळले की ती घोडी दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या लग्नात असते. येत्या सप्टेंबरात परिवारात आणखी दोन मंगल परिणय आहेत. एका घरी घोडी ठरली होती, ती त्यांनी रद्द केली आणि आगाऊ भरलेली रक्कम सोडून दिली. दुसऱ्या घरी अजून विचार चालू आहे. त्या घरचे आजोबा तेच आमचे ज्येष्ठ आहेत, आणि पुढच्या वंदनेनंतर ते आपले म्हणणे सविस्तर मांडणार आहेत. सर्वांनी यावे, मुलांनाही आणावे.